ग्रेज भिंती आणि ज्येष्ठांची नजर

करडा आणि फिकट बदामी यांच्या मिश्रणातून होणारा ‘ग्रेज’ रंग सौम्य भासतो. मीरा-भाईंदरमधील आपल्या सदनिकेसाठी तो अवश्य निवडावा; मात्र घरात ज्येष्ठ व्यक्ती असल्यास भिंतीखेरीज इतर सारे त्याच रंगाचे करू नये.

वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुलीही लहान राहते. विशीच्या तुलनेत साठीत दृष्टिपटलापर्यंत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू असल्यास जवळच्या छटा एकमेकींत मिसळून जातात. मग त्याच रंगाची दाराची चौकट, दिव्याचे बटण किंवा न्हाणीघरातील आधाराचा दांडा उठून दिसत नाही. रात्री आधार शोधणारा हात चुकतो आणि एका पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते.

म्हणून चौकट गडद तपकिरी, दांडा गडद निळा ठेवावा. बटणांभोवती रंगीत पट्टी लावावी. समोरची इमारत जवळ असून खोलीत उजेड कमी असेल, तर ग्रेजची फिकट छटा घ्यावी. चकाकणारा रंग टाळावा. त्यावरील प्रकाशाने वयस्कर डोळे दिपतात. निवडीपूर्वी भिंतीवर नमुना लावून तो रात्री दिव्याखाली ज्येष्ठांनाच दाखवावा.

खाडीकाठच्या दमट हवेत आधी भिंतीची ओल दुरुस्त करावी, अन्यथा नव्या रंगावरही बुरशी येते. जुन्या रंगात शिसे असू शकते; तो खरवडताना नातवंडांना, तसेच दमेकरी व्यक्तींना दूर ठेवावे.

घर सुंदर दिसावे, पण ज्येष्ठांना ते आधी स्पष्ट दिसावे.