विश्लेषण : भातावरील करप्याचे औषध क्षयरोगाविरुद्ध उपयोगी पडेल का?

भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी ठिपके दिसले की करपा आला, हे शेतकरी ओळखतो. त्यावर फवारण्यासाठी कृषी सेवा केंद्रात जी औषधे मिळतात, त्यांत कासुगामायसिन हे एक. गेली सुमारे साठ वर्षे हे प्रतिजैविक प्रामुख्याने शेतातच राहिले. आता क्षयरोगावरील संशोधनात त्याचे नाव आले आहे आणि त्यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहिला आहे. उद्या रुग्णांना ज्याची गरज भासू शकते, ते प्रतिजैविक आज पिकांवर किती फवारायचे?

हे औषध आले कुठून?

जपानमधील नारा शहरात कासुगा हे प्राचीन शिंतो देवस्थान आहे. तिथल्या मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून हामाओ उमेझावा आणि सहकाऱ्यांनी हे प्रतिजैविक मिळवले. १९६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. नावही त्या देवस्थानावरूनच पडले. त्या काळात जपानी शेतकरी करप्यावर पाऱ्याची संयुगे फवारत. पाऱ्याचे अंश तांदळात राहत असल्याने पर्याय हवाच होता. करपा हा बुरशीमुळे होणारा रोग. प्रतिजैविके सहसा जिवाणूंवर चालतात, बुरशीवर नाही. कासुगामायसिन दोन्हींवर चालते.

क्षयरोगाशी त्याचा संबंध काय?

पेशीत प्रथिने जोडण्याचे काम रायबोसोम करतो. जनुकातील सूचना वाचायची आणि सांगितलेले अमिनो आम्ल क्रमाने जोडत जायचे, असे हे काम. क्षयरोगाच्या जिवाणूत यातील दोन अमिनो आम्लांसाठी थेट व्यवस्था नाही. वाहक रेणूवर आधी चुकीचे आम्ल चढवले जाते आणि मग ते दुरुस्त केले जाते. दुरुस्ती अर्धवट राहिली तर प्रथिनात चुकीचा तुकडा बसतो.

ही चूक जिवाणूच्या पथ्यावर पडते. क्षयरोगाच्या उपचाराचा कणा असलेले रिफाम्पिसिन हे औषध जिवाणूच्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटते. चुकांमुळे त्या प्रथिनाच्या थोड्या वेगळ्या प्रती तयार होतात आणि काही जिवाणू औषधाच्या माऱ्यात तग धरतात. त्यांच्या जनुकात बदल झालेला नसतो. पण जे टिकून राहतात, त्यांच्यातूनच पुढे खरा प्रतिरोध निर्माण होण्याची भीती असते.

बीजिंगमधील त्सिंग्हुआ विद्यापीठात बाबक जाविद यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कासुगामायसिन नेमक्या याच चुका कमी करते असे आढळले. ते सोबत दिल्यावर रिफाम्पिसिनचा परिणाम वाढला. परीक्षानळीतही आणि उंदरांतही. प्रतिरोधी जिवाणू उद्भवण्याचे प्रमाणही प्रयोगशाळेत घटले. गंमत अशी, की क्षयरोगावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमच्या चुका वाढवून जिवाणूला मारते. दोन्ही औषधे अमिनोग्लायकोसाइड गटातली, पण परिणाम उलट. या प्रयोगांत स्ट्रेप्टोमायसिनला रिफाम्पिसिन-प्रतिरोध रोखता आला नाही.

मग औषध हाती आले का?

नाही. प्रयोगशाळेत क्षयरोगाचा जिवाणू रोखायला कासुगामायसिनची जेवढी पातळी लागते, तेवढी उंदरांच्या शरीरात गाठता आली नाही. तरीही जिवाणूंची वाढ कमी झाली, म्हणून संशोधकांना आशा वाटते. पण उंदीर आणि रुग्ण यांत बरेच अंतर आहे. ब्राउन विद्यापीठातील गटाने २०२२ मध्ये हेच रसायन फुप्फुसात व्रणासारख्या ऊती साचण्याच्या विकारावर तपासले आणि परिणाम आशादायक दिसले. तेही उंदरांमध्येच. फवारणीच्या बाटलीतले द्रावण म्हणजे माणसाचे औषध नव्हे, हे समाजमाध्यमांच्या काळात वेगळे सांगायला हवे.

शेतातल्या वापराची अडचण काय?

अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनला सफरचंद-नासपतीवरील ‘फायर ब्लाइट’चे जिवाणू दाद देईनासे झाल्यावर २०१४ मध्ये कासुगामायसिनला मंजुरी मिळाली. ते माणसांच्या किंवा जनावरांच्या उपचारात वापरले जात नाही, हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा होता. तरीही फवारलेल्या बागेत जनावरे चारायची नाहीत, अशी अट घातली गेली. क्षयरोगावरचे संशोधन पुढे सरकले, तर हा मुद्दाच लंगडा पडतो.

प्रतिरोध येणारच नाही, असे मानण्यासारखी स्थितीही नाही. जपानमध्ये करप्याच्या बुरशीचे प्रतिरोधी प्रकार १९७० च्या दशकातच दिसले होते. पुढे तिथल्या भातावरील रोगकारक जिवाणूंत कासुगामायसिन निकामी करणारे एक जनुक सापडले. ते बाहेरून आलेल्या डीएनएच्या तुकड्यावर होते. असा तुकडा एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो, ही यातली खरी काळजीची बाब. क्षयरोगाचा जिवाणू अशी देवाणघेवाण सहसा करत नाही, त्याच्यात प्रतिरोध येतो तो स्वतःच्या जनुकांतील बदलांतून. त्यामुळे शेतातून थेट क्षयरुग्णापर्यंत प्रतिरोध पोहोचेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. इतर जिवाणूंबाबत मात्र तसा दिलासा देता येत नाही.

भारताने काय केले आहे?

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्याच भारतात क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन टेट्रासायक्लिनसोबत पिकांवर फवारले जात आले. महाराष्ट्रातील डाळिंब बागायतदारांना ‘तेल्या’च्या निमित्ताने हे मिश्रण चांगलेच परिचयाचे आहे. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा आदेश काढून या मिश्रणाची आयात व उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून आणि वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्णपणे थांबवण्याचा प्रस्ताव मांडला.

एक प्रतिजैविक काढून घेतले, की तेल्याने त्रस्त बागायतदार दुसरे शोधणार, यात त्याचा दोष नाही. हंगाम हातचा जाताना समोर दिसत असतो. दुकानातल्या फळीवर स्ट्रेप्टोमायसिनची जागा घेऊ शकणाऱ्या मोजक्या नावांत कासुगामायसिनही आहे.