नाममुद्रा कोणाची?

स्वतःचे शब्द स्वतः न रचणारा रॅपगायक खरा कलावंत मानावा काय, हा वाद ज्यांना आजचा वाटतो, त्यांनी आमच्या नाशिक जिल्ह्याच्या दप्तरातली दोन नावे अवश्य पाहावीत. पहिले वामनदादा कर्डकांचे. 1922 साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी जन्मलेले आणि अक्षरओळख प्रौढ वयात, तीही मुंबईत, करून घेतलेले हे लोककवी 1943 पासून आंबेडकरी चळवळीची गीते स्वतः रचू व गाऊ लागले, आणि अखेरच्या ओळींत ‘वामन’ ही नाममुद्रा गुंफण्याचा संतकवींचा रिवाज त्यांनी असा चालविला की, पुढे ती गीते गावोगावच्या गायकांच्या कंठी गेली तरी कर्त्याची मालकी अबाधित राहिली. (रॅपवाल्यांची स्वनामोच्चाराची हौस काही नवी नव्हे!)

दुसरे नाव कवी गोविंद, अर्थात गोविंद त्र्यंबक दरेकर, यांचे. पायांनी अधू असलेल्या या कवीची पदे नाशिकच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारक संघटनेच्या तरुणांनी गायिली, आणि गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल 1909 साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची सजा झाली. शब्द एकाचे, कंठ दुसऱ्यांचा, शिक्षा तिसऱ्यास, तरी त्या गाण्यांना उसनी कोण म्हणेल?

गदिमांचे गीतरामायण गाणाऱ्या सुधीर फडक्यांवरही कोणी तो आक्षेप घेतला नाही. म्हणून स्वरचनेचा सरसकट आग्रह मला मान्य नाही. मात्र ‘हे माझेच भोगलेले’ असा दावा करून जो गायक दाम मोजून शब्द लिहवून घेतो व लिहिणाऱ्याचे नाव दडवितो, त्याचा दस्तऐवज मला बनावट वाटतो.