विश्लेषण : पावसाळा लागला, तरी तोंडाची कोरड का जात नाही?

वरोऱ्यात मे महिन्यात तोंडाला कोरड पडली, तर कुणाला नवल वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यात खर्ऱ्याची सवय घरोघरी. त्यामुळे कोरडीचे खापर उन्हावर, वयावर किंवा खर्ऱ्यावर फुटते. मात्र पावसाळ्यातही कोरड कायम असेल, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नसेल आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, तर कारण वेगळे असू शकते.

हा आजार कोणता?

शोग्रेन्स सिंड्रोम हा स्वयंप्रतिकार आजार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथी व अश्रुग्रंथींवर हल्ला करते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये १९ महिला रुग्णांचा अभ्यास प्रबंधात मांडला. त्यांतील १३ जणींना संधिवातही होता. पुरुषांच्या तुलनेत महिलांत हा आजार सुमारे नऊपट आढळतो आणि बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीत लक्षात येतो.

ग्रंथीत नेमके काय घडते?

तोंडात मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या आणि शेकडो लहान ग्रंथी असतात. मज्जातंतूंकडून रासायनिक संदेश आला, की ग्रंथीतील पेशी पाणी बाहेर सोडतात. या आजारात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी लाळेच्या नलिकांभोवती गोळा होतात आणि दाह वाढवणारी रसायने सोडतात. त्यामुळे मज्जातंतूंचा संदेश पोहोचण्यात आणि पेशींतून पाणी बाहेर पडण्यात अडथळे येतात. म्हणूनच ग्रंथीचा बराच भाग शाबूत असूनही लाळ कमी पडते. विहिरीत पाणी आहे, मोटारही आहे, पण वीजच येत नाही, तसा हा प्रकार. दाह वर्षानुवर्षे राहिला, तर पेशी मरतात आणि त्या जागी तंतुमय ऊती व चरबी साचते. मग गेलेले काम परत मिळवणे अवघड होते. लवकर निदानाचे महत्त्व ते यासाठीच.

दुर्लक्ष केल्यास धोका काय?

लाळ दातांना खनिजे पुरवते आणि जंतूंना आवर घालते. ती आटली, की हिरड्यांलगत दात किडतात, जिभेला आग होते, तोंडात बुरशीचा संसर्ग होतो. कानाखालची ग्रंथी सुजते. ही सूज कायम राहिली, तर तपासणी टाळू नये; कारण काही रुग्णांत पुढे लिम्फोमा हा कर्करोग उद्भवतो. रक्तात ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे असलेल्या गर्भवतीच्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर क्वचित परिणाम होतो, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावे.

खर्ऱ्याचा त्रास कसा ओळखावा?

खर्ऱ्यामुळे तिखट सोसत नाही, गाल आतून ताठर होतात आणि तोंड उघडणे कमी होत जाते. मधुमेह, रक्तदाब व नैराश्यावरील काही औषधांनीही कोरड पडते. त्यामुळे सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. कोणतीही गोळी मनाने बंद करू नये.

निदान आणि उपचार कसे?

रोजची कोरड तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर आधी वरोऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढील तपासणीसाठी चंद्रपूर व नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रतिपिंडांसाठी रक्त, अश्रू आणि लाळेचे प्रमाण तपासले जाते. काही न चघळता मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ सुटणे, ही धोक्याची खूण. गरजेनुसार खालच्या ओठाच्या आतील सूक्ष्म ग्रंथींचा तुकडा तपासतात.

आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र पायलोकार्पिनसारखी औषधे उरलेल्या ग्रंथींकडून काम करून घेतात. दमा असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. घोट घोट पाणी, फ्लोराइडयुक्त पेस्ट, गोड कमी आणि खर्रा बंद, एवढे केले तरी दात वाचवायला मोठी मदत होते.