पहारेकऱ्याची शिट्टी थांबेना झाली तर? रक्ताचा कर्करोग आणि आपली उपजत प्रतिकारशक्ती

कफ परेडच्या मच्छीमार नगरात कोळंबी सोलणाऱ्या आयाबहिणींना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. कोळंबीचा काटा बोटात घुसला की काही तासांतच बोट लाल होते, सुजते, ठणकू लागते. ही सूज म्हणजे शरीराने जंतूंविरुद्ध उघडलेली पहिली आघाडी. ती आपल्याला जन्मापासून मिळते, म्हणून तिला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. आलेला रोग ओळखून त्याच्यासाठी खास अँटिबॉडी तयार करणारी दुसरी आघाडीही आपल्याजवळ असते. तिला मात्र काही दिवस लागतात. पाटीतल्या चिंबोरीला ही दुसरी आघाडी नाहीच. तिचे सारे आयुष्य पहिल्या आघाडीवरच निभावते.

कर्क म्हणजे खेकडा आणि कर्करोगाला नाव मिळाले ते त्याचेच. पण आज त्या नावापेक्षा या पहिल्या आघाडीचा रक्ताच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, ते पाहू. कारण घरात असा आजार निघाला की शेजारपाजारचे पहिला सल्ला देतात तो हाच : "प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी द्या." हा सल्ला कितपत बरोबर आहे?

पेशींवरचे पहारेकरी

पांढऱ्या पेशींवर आणि त्यांच्या आत काही प्रथिने पहाऱ्याला असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. जंतूच्या अंगावरची ठरावीक खूण दिसली की ते पेशीच्या आत निरोप धाडतात : शत्रू आला, तयारीला लागा! यांतील एका महत्त्वाच्या घराण्याचे नाव 'टोल'. रस्त्यावरच्या टोलनाक्याशी त्याचा संबंध नाही. जर्मन भाषेत 'टोल' म्हणजे 'कमाल आहे!' फळांवर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या माशीत हा जनुक प्रथम सापडला. फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवले, की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांत याच घराण्यातला पहारेकरी शोधला. दोघांनाही २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात या घराण्याचे दहा सदस्य आहेत.

निरोप्या अडकतो तेव्हा

टोल रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या एका प्रथिनाचे नाव मायडी-८८. जंतू आला की ते जागे होते, काम संपले की शांत होते. पण आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत त्याच्या जनुकातले एकच अक्षर बदलते आणि निरोप्या कायमचा 'चालू' राहतो. जंतू नसताना पहारेकऱ्याची शिट्टी वाजतच राहावी, तसे हे होते. त्या पेशीला सतत हुकूम मिळतो : जगत राहा, वाढत राहा. मरायची वेळ आली तरी ती मरत नाही.

'वॉल्डेनस्ट्रॉम' नावाचा रक्ताचा एक दुर्मिळ कर्करोग बहुधा उतारवयात होतो. त्यात रक्त घट्ट होते, नाकातून रक्त येते, नजर धूसर होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या आजाराच्या दर दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत हाच अक्षरबदल सापडला. लिम्फोमाच्या एका आक्रमक प्रकारातही तो काही रुग्णांत आढळतो. या शोधाचा उपयोगही झाला. निरोपाच्या वाटेवरचा एक दुवा बंद करणारी 'इब्रुटिनिब' ही गोळी २०१५ साली अमेरिकेत वॉल्डेनस्ट्रॉमसाठी मंजूर झाली. ज्यांच्यात हा बदल असतो, त्यांना तिचा गुण अधिक येतो.

म्हणजे रक्ताच्या कर्करोगात प्रतिकारशक्ती प्रत्येक वेळी 'कमी'च पडलेली असते असे नाही. काही वेळा तिचाच एक भाग थांबायचे विसरलेला असतो. अशा वेळी डबाबंद 'शक्तिवर्धक' भुकटीने काय साधणार? खर्च होतो, तपासणी लांबते, आणि काही जडीबुटींचा औषधांशी खटकाही उडतो.

हाच पहारेकरी मित्रही होतो

नाण्याला दुसरी बाजू आहे. 'नैसर्गिक मारक' नावाच्या पांढऱ्या पेशींवरचे रिसेप्टर समोरच्या पेशीचे ओळखपत्र तपासतात. आपले ओळखपत्र दिसले नाही तर त्या हल्ला करतात. इटलीतील पेरुजा येथील डॉक्टरांनी २००२ साली दाखवले, की अर्धवट जुळणाऱ्या नातेवाइकाची मज्जा दिली असता, दात्याच्या या पेशींना रुग्णाचे ओळखपत्र परके वाटले, तर तीव्र मायलॉइड ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण घटते. सर्व ल्युकेमियांत मात्र हा लाभ दिसला नाही.

आपल्या मुंबईचा या लढ्याशी जुना संबंध आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या. पुढे १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. तेथेच १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा रोपण यशस्वी केले. मेहेरबाईंच्या काळी ज्या आजारापुढे डॉक्टरांचे हात टेकत, त्याच्या कित्येक प्रकारांवर आज उपचार आहेत.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

हा आजार करणीने होत नाही, गेल्या जन्मीच्या पापाने होत नाही. तो एका ताटात जेवल्याने लागत नाही. मायडी-८८ मधला बदल जन्मानंतर त्या पेशीतच घडतो; तो आईबापांकडून मुलांकडे जात नाही. तेव्हा रुग्णाची भांडी वेगळी ठेवू नका आणि घरातल्या मुलीच्या सोयरिकीत तो आड येऊ देऊ नका.

बरेच दिवस हटत नसलेला ताप, मानेत, काखेत किंवा जांघेत वाढणारी गाठ, हिरड्यांतून रक्त, विनाकारण काळेनिळे डाग, पांढरेफटक अंग, उतरत जाणारे वजन, यांपैकी काही दिसले तर आधी डॉक्टरांना दाखवा. साधी रक्ततपासणी बहुतेक वेळा दिशा देते. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी घटतात, पहारेकरीच उरत नाहीत. अशा वेळी ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला की सकाळची वाट पाहू नये. मनाने तापाची गोळी देऊन ताप दडपू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे, मग मध्यरात्र असो वा सणाचा दिवस. थर्मामीटर आणि उपचाराचे कागद एकाच पिशवीत, घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. या तापात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो.