टिश्यू कल्चरची केळी : रोप आईसारखेच आहे ना?



आपल्या खाण्याच्या केळीला बी धरत नाही. म्हणून वसई-आगाशीचा राजेळीवाला काय नि जळगावचा बागायतदार काय, पिढ्यान्‌पिढ्या मुनवे काढून लावत आला. पण मुनव्याबरोबर जुन्या बागेतला सोंडकिडा आणि सूत्रकृमीही येतात. शिवाय मुनवे लहानमोठे, त्यामुळे बाग मागेपुढे निसवते. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे उतिसंवर्धित रोपांनी ही अडचण बरीच कमी होते.

हे रोप तयार कसे होते? भरदार घडाच्या निरोगी झाडाचा मुनवा घेऊन त्याचे पापुद्रे सोलत आतला कोवळा कोंब काढतात. तो निर्जंतुक करून साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरके घातलेल्या बाटलीत ठेवतात. कोंबाला फुटवे येतात. ते सुटे करून नव्या बाटल्यांत, पुन्हा फुटवे, पुन्हा नव्या बाटल्या. शेवटी मुळे फुटवून रोपे शेडनेटमध्ये कणखर करतात.

मेख आहे ती या फेऱ्यांत. नकलेवरून नक्कल उतरवताना अक्षर चुकावे, तसे फुटव्यांवरून फुटवे घेताना एखाद्याच्या आनुवंशिक गुणांत बदल होतो. फेऱ्या वाढल्या की धोका वाढतो. म्हणून आठांपेक्षा जास्त फेऱ्या घेऊ नयेत असा दंडक आहे. बदललेले झाड बहुधा बुटके राहते. कधी पाने अरुंद, जाड किंवा पट्ट्यापट्ट्यांची येतात आणि घड हलका पडतो. दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी 4,444 झाडे बसतात. शंभरात पाच वेगळी निघाली तर 222 झाडांचे खत-पाणी वाया!

गंमत अशी की बदल हा नेहमीच शत्रू नसतो. मुंबई उपनगरात ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. आपल्या ओळखीचा टॅग-24 भुईमूग तिथलाच. त्याच केंद्राने ग्रँड नैन केळीवर गॅमा किरण सोडून बुटका वाण निवडला. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राबरोबर त्याच्या शेतात चाचण्या झाल्या आणि 2025 मध्ये तो ‘कावेरी वामन’ नावाने बाहेर आला. तो बुटका पारखून घेतलेला. आपल्या बागेत न सांगता येतो तो नव्हे.

तपासणी दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली विषाणूंची. पर्णगुच्छ किंवा जळगावकडे ज्याला हरण्या म्हणतात तो सीएमव्ही मातृवृक्षात असेल, तर बाटलीतूनही रोपात उतरतो. दुसरी आनुवंशिक सारखेपणाची. मातृवृक्षाच्या आणि रोपाच्या पानांतून डीएनए काढून त्याचे ठरावीक तुकडे वाढवतात. ते जेलवर पट्ट्यांसारखे दिसतात. दोघांच्या पट्ट्या जुळल्या की रोप आईसारखे मानतात. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची अशी प्रमाणपत्र पद्धत 2006 पासून आहे. मात्र तपासणी नमुन्यांची होते, प्रत्येक रोपाची नाही. त्यामुळे कागद पाहिला म्हणून डोळे मिटू नका!

रोपवाटिकेत स्वतः जा. रोप साधारण फूटभर उंच आणि पाच-सहा चांगल्या पानांचे असावे. सोबतच्या रोपांपेक्षा ज्याचे पान आखूड-रुंद, देठ तोकडे, पानांचा झुपका झालेला, ते बाजूला काढायला सांगा. पानावर पिवळे पट्टे दिसले तर घेऊच नका. मातृवृक्ष कोणता, फेऱ्या किती झाल्या, हे विचारायला संकोच कसला? पैसे आपले आहेत. प्रमाणपत्राचे लेबल आणि पावती जपून ठेवा, कोणत्या ओळीत कोणता लॉट लावला ते वहीत टिपा. लागवडीनंतर महिना-दीड महिन्याने ओळीओळीने फिरून वेगळी झाडे उपटून टाका. नांग्या भरण्यासाठी त्याच लॉटची थोडी रोपे पिशवीत राखून ठेवलेली बरी.