यादीत वर, पात्रतेत अडलेले
गुरुजींची नोकरी : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण जिल्हा परिषदेची सेवाज्येष्ठता यादी कशी तयार होते, तिच्यावर हरकती कशा मागवल्या जातात आणि अंतिम यादीतही चुका कशा राहून जातात, हे पाहिले. ही सगळी यातायात पदोन्नतीसाठी असते. उपशिक्षकाचा पदवीधर विषय शिक्षक होतो, मुख्याध्यापक होतो, नशीब असेल तर केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारीही. पदे मात्र मोजकी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट दीडशेच्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा शंभरची आहे. ज्या तालुक्यात निम्म्या शाळा दोनशिक्षकी आहेत, तिथे अशी पदे निघणार तरी किती? त्यामुळे पद एक आणि त्याकडे डोळे लावून बसलेले पन्नास, हे चित्र जुनेच आहे.

जुने वादही ठरलेले होते. कोण आधी हजर झाला, आंतरजिल्हा बदलीने आलेल्याची ज्येष्ठता कुठून धरायची, बिंदुनामावलीत जागा कोणत्या प्रवर्गाची. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेविषयी, म्हणजे टीईटीविषयी निकाल दिला आणि हे सगळे वाद मागे पडले. प्रकरणाचे नाव अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठापुढे महाराष्ट्राबरोबर तामिळनाडूतलीही अपिले होती. अल्पसंख्याक शाळांना टीईटी लागू होते का, हा त्यातला एक मोठा प्रश्न. तो मोठ्या पीठाकडे विचारार्थ गेला, म्हणून इथे बाजूला ठेवू.

निकालाने काय केले हे तीन कल्पित शिक्षकांवरून पाहू. पहिले गुरुजी १९९२ साली लागले, आज वय पंचावन्न. दुसऱ्या बाई १९९८ च्या, वय एक्कावन्न. तिसरा २०१९ साली शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेला. टीईटी झाल्याशिवाय त्याला नोकरीच मिळाली नसती. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. निकालाच्या दिवशी ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली होती, त्यांना न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा विशेष अधिकार वापरून परीक्षेतून सूट दिली. पण ती निवृत्तीपर्यंत शिकवत राहण्यापुरतीच. पदोन्नती हवी असेल तर टीईटी हवीच. म्हणजे यादीत पहिल्या क्रमांकावर असलेले आपले गुरुजी वर्गात चालतात, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत चालत नाहीत. बाईंची पाचहून अधिक वर्षे उरली आहेत. त्यांना निकालापासून दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. न झाल्यास सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती, देय लाभांसह. आणि तिसरा, ज्याने या दोघांच्या हाताखाली शाळेचे कामकाज शिकून घेतले असेल, तो पात्रतेच्या रकान्यात एकटाच 'होय'.

शिक्षकांचा संताप यातूनच आला. ५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यात शाळा बंद ठेवून आंदोलन झाले. 'नियुक्तीच्या वेळी जी अट नव्हती ती आता कशी?' हा त्यांचा सवाल. तो पोकळ नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी किमान अर्हतेची अधिसूचना काढली, त्यातून टीईटी आली. त्याच अधिसूचनेच्या चौथ्या परिच्छेदात आधी नियमाप्रमाणे लागलेल्या शिक्षकांना नव्या अर्हतेतून वगळले होते. पंधरा वर्षे शिक्षक त्या परिच्छेदाच्या भरवशावर राहिले.

न्यायालयाने मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ कडे पाहिले. त्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या, पण किमान अर्हता नसलेल्यांना ती मिळवायला चार वर्षे दिली गेली. शिक्षक संघटना म्हणतात, ती तरतूद अप्रशिक्षितांसाठी होती, डी.एड. झालेल्यांचा तिच्याशी संबंध काय? न्यायालयाला हे पटले नाही. अधिसूचनेतली सूट कायद्यावर मात करू शकत नाही, असा त्याचा अर्थ. आणि शिक्षक म्हणून होणारी नियुक्ती थेट असो वा पदोन्नतीने, पात्रता दोन्हीकडे एकच.

पदोन्नतीपुरते बोलायचे तर ही गोष्ट आकाशातून पडलेली नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत एका स्तरावरून पुढच्या स्तरावर पदोन्नती देताना त्या स्तराची किमान अर्हता लागेल, असे लिहिलेले होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली हाच धागा पकडून जुन्यांची नोकरी राखली आणि पदोन्नतीला टीईटी सक्तीची केली. जिल्हा परिषदा, शिक्षण संचालनालय, मंत्रालय, सगळ्यांकडे हे कागद होते. तरी पदोन्नतीची समुपदेशने वर्षानुवर्षे नुसत्या ज्येष्ठतेवर होत राहिली. कुणी शिक्षकाला लेखी कळवले नाही की बाबा रे, चाळिशीत आहेस तोवर ही परीक्षा देऊन टाक. माझ्या मते या प्रकरणातली खरी कसूर इथे आहे, आणि किंमत मोजणारा मात्र दुसराच आहे.

आता एक बारकावा, जो शिक्षकांच्या चर्चेत बऱ्याचदा सुटतो. टीईटीचे पेपर दोन. पहिला पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० गुण. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी तीस गुण. दुसऱ्यात बालमानसशास्त्र आणि दोन भाषा तशाच, उरलेले साठ गुण गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्रांना. आपल्या बाई चौथीला शिकवतात. त्यांनी पहिला पेपर काढला तर नोकरी वाचेल. पण यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, मुलांच्या शाळा आणि स्वयंपाक सांभाळून मिळवलेल्या बी.ए.च्या जोरावर त्यांना पदवीधर शिक्षक व्हायचे असेल, तर दुसराच पेपर लागेल. राज्यात या परीक्षेचा निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत लागतो. दोन वर्षांत एक पेपर काढणेच अवघड. दोन्हींचा नाद किती जण करतील? प्रमाणपत्र आता तहहयात चालते, पूर्वीसारखी सात वर्षांची मुदत नाही, एवढाच दिलासा.

पाचवीच्या वर्गावरून आठवीच्या विज्ञानाला जाणाऱ्याकडे परीक्षा मागितली, तर मला त्यात वावगे वाटत नाही. ज्येष्ठतेने धीर येतो, बीजगणित येतेच असे नाही. मुख्याध्यापकाचे काय, हा प्रश्न मात्र मला सुटत नाही. त्याला शालेय पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका, गावातली दोन टोके आणि रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग हे सगळे एकाच दिवशी सांभाळायचे असते. यातले टीईटीत काहीही विचारत नाहीत. केंद्रप्रमुखाला तर स्वतःचा वर्गही नसतो. तिथे प्रशासनाची, शाळा चालवण्याची वेगळी परीक्षा ठेवा, ज्येष्ठ मंडळीही नाही म्हणणार नाहीत. केंद्रप्रमुखांच्या निम्म्या जागा विभागीय परीक्षेने भरण्याचा निर्णय झालेलाच आहे. त्याच वाटेने मुख्याध्यापकपदाकडेही पाहता येईल.

प्रमाणपत्रावर किती विसंबायचे, याचाही अनुभव राज्याला आहे. २०१९-२० च्या टीईटीतला गैरव्यवहार २०२१ च्या डिसेंबरात पुण्यात उघडकीला आला, परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्तच अटकेत गेले आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे मोजून उत्तीर्ण झालेला काही काळ 'पात्र' होता आणि तीस वर्षे खडू झिजवलेला 'अपात्र' ठरतो, हे शिक्षकांच्या बैठकांत कुणीतरी हटकून बोलून दाखवते.

तूर्त वाचकांतल्या शिक्षकांनी तीन कामे करावीत. आपल्या सेवापुस्तकात नियुक्तीची तारीख आणि अर्हतेची नोंद तपासावी. टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी झाली असेल तर प्रमाणपत्राची नोंद गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून करून घ्यावी, पोच घेऊन. आणि पदोन्नतीच्या यादीत नाव गाळले गेले तर हरकत मुदतीत, लेखी द्यावी. तोंडी आश्वासनावर थांबू नये.

पुढील लेखांकात खासगी अनुदानित माध्यमिक शाळा : १९८१ ची नियमावली, 'अनुसूची फ' आणि डी.एड.-बी.एड. ज्येष्ठतेचा चाळीस वर्षांचा तंटा.