सागवानाच्या धक्क्यावरची रात्र

मुंबई-पुण्याहून थायलंडला निघालेल्या सहलीत बँकॉकची एक संध्याकाळ ठरलेली असते. चाओ फ्राया नदीवरची जेवणाची बोट. वरच्या मजल्यावर हिंदी गाणी, खाली पनीर आणि जिरा राइस, दोन्ही काठांवर दिव्यांनी उजळलेली देवळे. यांतल्या बऱ्याच बोटी ज्या धक्क्यावरून सुटतात तिथे मंडळी थोडी आधी पोहोचतात, उंच पाळण्यासमोर फोटो काढतात, हत्तीछाप पायजम्यांचा भाव करतात आणि बोट लागली की चढतात. त्या जागेचे नाव एशियाटिक. नदीकाठचा हा रात्रबाजार २०१२ मध्ये सुरू झाला, तेव्हा सुमारे पंधराशे दुकाने आणि चाळीसेक उपाहारगृहे असा त्याचा पसारा सांगितला जात होता. आपल्या माणसांना तो फार तर तासभर दिसतो. मला वाटते, त्याला एक पूर्ण संध्याकाळ द्यायला हवी, कारण ज्या व्यापाराने हा धक्का उभा केला त्या व्यापाराचे धागे मुंबईत आणि रत्नागिरीत सापडतात.

हान्स नील्स अँडरसन हा डॅनिश दर्यावर्दी तरुणपणी सयामला आला. १८८३ मध्ये ‘थून क्रामोम’ या सयामी जहाजाचा कप्तान म्हणून तो सागवान भरून लिव्हरपूलला गेला आणि परतताना कोळसा घेऊन आला. दोन्ही खेपांत मिळून भांडवल जवळपास दुप्पट झाले. पुढच्याच वर्षी त्याने बँकॉकमध्ये स्वतःची पेढी काढली. ओरिएंटल हॉटेलची जी देखणी इमारत आजही नदीकाठी उभी आहे तीही त्याच्याच काळातली, १८८७ ची. १८९७ मध्ये त्याने कोपनहेगनला ईस्ट एशियाटिक कंपनी स्थापन केली. एशियाटिकच्या जागी याच कंपनीचा धक्का, गोदामे आणि लाकडाची वखार होती.

सयामच्या दरबारात डॅनिश माणसांना मान होता, त्याला कारण होते. पश्चिमेला ब्रह्मदेशात इंग्रज, पूर्वेला इंडोचायनात फ्रेंच, आणि मधल्या सयामला स्वतंत्र राहायचे होते. या भागात वसाहत नसलेल्या छोट्या देशाच्या माणसाकडून धोका कमी. रिशेल्यू नावाचा डॅनिश अधिकारी तर सयामच्या आरमाराचा प्रमुख झाला होता.

माल मात्र सोपा नव्हता. ओला सागवान पाण्यात बुडतो. म्हणून जंगलात आधी झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि वरचा थर कोरून काढत आणि झाड दोन-तीन वर्षे उभ्या उभ्या वाळू देत. मग तोड. मग हत्तींनी ओंडके ओढ्यापर्यंत आणायचे आणि पावसाची वाट पाहायची. पाऊस कमी झाला की ओंडके ओढ्यातच अडकून पडत. ज्या वर्षी पूर येई त्या वर्षी ते पिंग, वांग, योम, नान या उत्तरेकडच्या नद्यांत उतरत, खाली त्यांचे तराफे बांधले जात, आणि या नद्या नाखोन सावनजवळ एकत्र येऊन चाओ फ्राया झाली की तराफे तिच्यावरून बँकॉककडे निघत. झाड कोरल्यापासून ओंडका वखारीत पोहोचेपर्यंत कित्येक वर्षे जात. म्हणजे भांडवल तेवढी वर्षे जंगलात आणि पाण्यात अडकलेले. हे परवडायचे ते मोठ्या कंपन्यांनाच.

त्यांतली एक आपली ओळखीची आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झाली ती ब्रह्मदेशातल्या सागवानासाठी, आणि पुढे उत्तर सयामच्या जंगलांतही ती बडी ठेकेदार होती. ब्रह्मदेशात तिने ओंडक्यांची संख्या कमी दाखवून महसूल बुडवला, असा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. नोव्हेंबरमध्ये युद्ध झाले, महिना संपता संपता मंडाले पडले आणि राजाला बोटीत बसवून देशाबाहेर काढले गेले. १८८६ मध्ये तो रत्नागिरीला आला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहिलेल्या माणसाने एशियाटिकच्या गोदामांत फिरताना एवढे ध्यानात ठेवावे, की एकाच लाकडापायी शेजारच्या एका राजाचे राज्य गेले आणि दुसऱ्याने डॅनिश व्यापाऱ्यांना जवळ करून आपले राखले. सयाम वाचण्याला इतरही कारणे होती, पण व्यापारात एकाच सत्तेला वरचढ होऊ द्यायचे नाही हे राजा चुलालोंगकोर्नचे धोरण त्यात मोठे होते.

धक्क्याचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९१२ मध्ये याच कंपनीचे ‘सेलँडिया’ हे डिझेलवर चालणारे महासागरी जहाज पहिल्या सफरीवर कोपनहेगनहून बँकॉकला निघाले. वाटेत लंडनला ते पाहायला विन्स्टन चर्चिल आले होते, कारण शिडानंतर वाफ आणि वाफेनंतर आता हे, एवढा तो बदल होता. दुसऱ्या महायुद्धात धक्का जपानी सैन्याने वापरला. पुढे बँकॉकचे मोठे बंदर ख्लोंग तोईला झाले, १९९१ पासून लेम चाबांगचे खोल बंदर कंटेनर घेऊ लागले, आणि १९८९ मध्ये, आदल्या वर्षीच्या भीषण पुरानंतर, थायलंडने नैसर्गिक जंगलांतली तोडच बंद केली. नदीकाठच्या गोदामांना काम उरले नाही.

ती पाडली नाहीत, हे मला या बाजाराचे सर्वांत मोठे पुण्य वाटते. लांबलचक, उतरत्या छपरांच्या गोदामांच्या रांगा तशाच ठेवून आत दुकानांचे गाळे केले आहेत. फरशीत ट्रॉलीचे रूळ अजून दिसतात, जुनी यारी उभी आहे. साबणात कोरलेली चाफ्याची फुले, नारळाच्या करवंट्यांचे वाडगे, रेशमी स्कार्फ, वाळवलेला आंबा, बामच्या बाटल्या असा माल मांडलेला असतो. भाव करायचा तर विक्रेती गणकयंत्र पुढे करते, त्यावर तिचा आकडा. तुम्ही खोडून तुमचा टाकायचा. ती हसून पुन्हा तिचा टाकते, थोडा उतरवून. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नसताना व्यवहार पुरा होतो आणि दोन्ही बाजूंना तो आवडलेला असतो. वस्तू मात्र इथल्याच असतील असे नाही. पायजमे शहरातल्या घाऊक बाजारांतही तसेच आणि स्वस्त मिळतात. खरेदीसाठी म्हणून एशियाटिकला जावे असे मी कुणाला सांगणार नाही.

जावे ते नदीवरून येण्यासाठी. साथोर्नच्या धक्क्यावरून, वर आकाशगाडीचे स्थानक आणि शेजारी ताक्सिन पूल, बाजाराची बोट निघते. उन्हे कलताना बसलात तर जवळच्या प्रवासी बोटींच्या खलाशाची शीळ ऐकू येते. धक्क्याला लागताना मागच्या टोकाला उभा असलेला हा माणूस शिळेच्या निरनिराळ्या सुरांनी चालकाला पुढे, मागे, थांब असे सांगतो. काठाकाठाने जलपर्णीचे पुंजके वाहत असतात. १९०१ मध्ये जावाहून शोभेची म्हणून आणलेली ही वनस्पती इथेही डोकेदुखी होऊन बसली आहे, मुळा-मुठेकाठी राहणाऱ्याला ते दृश्य वेगळे समजावून द्यायला नको. समुद्र जवळ असल्याने नदीला भरती-ओहोटी आहे, म्हणून तरंगता धक्का कधी वर, कधी खाली. एका वळणानंतर साठ मीटर उंचीचा पाळणा दिसू लागतो. काठाला लागून शिडांचे तीन डोलकाठ्यांचे जहाज उभे असते. ते अँडरसनच्या ‘थून क्रामोम’ची प्रतिकृती. आता त्यात उपाहारगृह आहे.

बाजार रात्रीचा का, हे इथे दुपारी पाऊल टाकले की कळते. एप्रिलच्या उन्हात सिमेंटच्या काठावर उभे राहवत नाही. संध्याकाळी नदीवरून वारा सुटतो आणि घराघरांतली माणसे बाहेर पडतात. खाणे त्यांच्यासाठीही असते, केवळ परदेशी पाहुण्यांसाठी नाही. कच्च्या पपईचा सोम ताम उखळात ठेचताना पाहावा. लसूण-मिरची आधी, मग गूळ, लिंबू, शेंगदाणे, शेवटी पपईचा कीस, आणि मुसळ हलक्या हाताने, म्हणजे कीस चिरडत नाही. त्यात सुकी कोळंबी आणि माशाचा सॉस पडतो, शाकाहाऱ्यांनी आधीच सांगावे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरे दिसली तर ते ‘जे’, म्हणजे मांस-मासे आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेले जेवण. आपल्या नवरात्राच्या सुमारास तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा सण असतो, तेव्हा या पाट्यांनी गल्ल्या भरून जातात. आंब्याबरोबरचा चिकट भात मात्र निर्धास्त खावा. गरम भात गोड नारळाच्या रसात मुरवतात, वर थोडा खारट रस आणि भाजलेली मुगाची डाळ. कोकणातल्या माणसाला तो परका वाटणार नाही.

करमणुकीत कॅलिप्सो कॅबरेचा बोलबाला अधिक, पण २०१२ मध्ये या बाजारात आलेली दुसरी मंडळी मला जास्त मोलाची वाटतात. हुन लाखोन लेक हा बाहुल्यांचा खेळ. एका बाहुलीला तीन कलावंत, तिघेही उघड उभे, तिघांची पावले बाहुलीबरोबर पडतात, आणि कथा रामाकियेनची, म्हणजे रामायणाची. लोपत चाललेला हा खेळ १९८५ च्या सुमारास पुन्हा उभा केला तो साखोन यांगखिओसोत यांनी. त्यांना ‘जो लुईस’ म्हणत. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय कलावंत झाले, २००७ मध्ये वारले. त्यांच्या कुटुंबाने तो पुढे चालवला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांवर रामायणच सांगतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. पिंगुळीतल्या खेळाला रोज संध्याकाळी भरणारी अशी एक जागा मिळाली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

पण त्या जागेचा भरवसा किती, हाही प्रश्न आहेच. जो लुईसची मंडळी आधी लुम्फिनी उद्यानाजवळच्या सुआन लुम रात्रबाजारात होती. जमिनीचा करार संपला, तो मोठा बाजार उठला, आणि तिथले कितीतरी गाळेवाले एशियाटिकला आले. सुआन लुमच्या जागी आता वन बँकॉक हा टोलेजंग प्रकल्प उभा आहे, २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा उघडला. एशियाटिक आणि वन बँकॉक या दोन्हींमागे एकच उद्योगपती घराणे आहे. त्याआधी २०२० मध्ये कोरोना आला, परदेशी माणूस दिसेना, आणि गोदामांच्या रांगाच्या रांगा शटर ओढून बसल्या. पलीकडच्या काठाला थोडे वर २०१८ मध्ये उघडलेल्या आयकॉनसयाम मॉलने तर तळमजल्यावर वातानुकूलित ‘तरंगता बाजार’च मांडला होता. रात्रबाजारातला गाळेवाला महिन्याच्या भाड्यावर जगतो, जमीन दुसऱ्याची, गिऱ्हाईक विमानाने येणारे. तीनांपैकी एकही गोष्ट त्याच्या हातात नाही.

या नदीवरचा ज्याला खरा रात्रबाजार म्हणावे तो एशियाटिकहून काही किलोमीटर वर आहे. पाक ख्लोंग तलात, फुलांचा घाऊक बाजार. पूर्वी इथे होड्यांतून भाजी, मासळी आणि फुले उतरत, आता नाखोन पाथोम, सामुत साखोन अशा आसपासच्या प्रांतांतून ट्रक येतात. मध्यरात्रीनंतर तो रंगात येतो. आकाराप्रमाणे निवडलेल्या झेंडूच्या फुलांच्या पारदर्शक पिशव्या खांद्याइतक्या रचलेल्या असतात. दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरच्या फुलबाजारात उभे राहिलेल्या माणसालाही इथे डोळे भरून पाहावेसे वाटेल. मोगऱ्याच्या कळ्या बर्फात. दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या बाया वीतभर लांब पोलादी सुईला व्हॅसलीन चोळतात, तिच्यावर कळ्या गोलाकार रचत जातात आणि गजरा पुरा भरला की सुई हलकेच ओढून दोऱ्यावर उतरवतात, म्हणजे एकही कळी चुरगळत नाही. इरावणच्या देवळात ब्रह्मदेवाला भारतीय पर्यटक जो झेंडूचा हार घालतात तो इथूनच गेलेला असण्याची शक्यता मोठी. २०१६ मध्ये नगर प्रशासनाने इथल्या पदपथांवरच्या विक्रेत्यांना हटवले. इमारतींतली दुकाने राहिली, पदपथावरची जुनी गर्दी मात्र मोडली. तरी बाजार टिकला, कारण शहराला रोज पहाटे फुले लागतात.

पुण्यात मुळा-मुठेचा काठ सुधारण्याचे काम चालू आहे आणि झाडांवरून, पुराच्या पात्रावरून नागरिक भांडत आहेत. त्यांचे भांडण रास्त आहे. खडकवासल्यातून पाणी सोडले की काय होते हे भिडे पुलाला विचारावे. बँकॉकमधून घेण्यासारखे आहे ते काठावरचे दिवे आणि पायऱ्या नव्हेत. तिथे नदीवरून रोज हजारो माणसे कामाला जातात, म्हणून तिच्या काठी संध्याकाळी बाजार भरू शकतो. पात्रात बोट चालत नाही, पाण्याजवळ नाक धरावे लागते, तिथे दुकाने बांधून नदीकाठ होत नाही.

दिवाळीनंतर जाणार असाल तर त्रिपुरी पौर्णिमेची तारीख पाहून घ्या. बहुधा त्याच रात्री तिकडे लॉय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीला पानांनी सजवून, झेंडू, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून लोक पाण्यात सोडतात. महापालिकेचे लोक रातोरात बोटींनी हे दीप गोळा करतात आणि सकाळी मोजदाद जाहीर करतात. आकडा लाखांत असतो, त्यात केळीचे किती आणि फोमचे किती हेही सांगतात. त्या रात्री एशियाटिकला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा उजेड असतानाच बोट गाठावी. प्रवासी बोटी रात्री लवकर बंद होतात. फुलबाजाराला मध्यरात्रीनंतर टॅक्सीने जावे लागेल. परतीची घाई नसेल तर पहाटेपर्यंत थांबावे, सनाम चाय हे भुयारी रेल्वेचे स्थानक चालत जाण्याइतके जवळ आहे आणि पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास सुटते.